टकरांचा हिशेब : धानाच्या बांधीवरील हवा आणि रेणूंचे घूर्णन

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, गडचिरोलीच्या सीमेलगत वसलेला अर्जुनी मोरगाव तालुका हा तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगितले जाणारे नवेगावबांधाचे विस्तीर्ण तळे, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि लहानमोठ्या बोड्या, आणि या सर्वांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या यांच्यावर जी हवा पसरलेली असते, ती वारा पडला की निश्चल भासते. प्रत्यक्षात या हवेचा एकही रेणू क्षणभर स्वस्थ नसतो. तो धावतो, स्वतःभोवती गिरक्या घेतो, त्याच्यातील अणू एकमेकांजवळ येऊन पुन्हा दूर जातात आणि या सगळ्या हालचाली चालू असताना तो शेजारच्या रेणूंवर सतत आदळत असतो.

यांपैकी रेणूच्या स्वतःभोवती फिरण्याला घूर्णन म्हणतात. टकरांमुळे हे घूर्णन विस्कळीत होते, अशी पहिली समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती त्याहून खोल आहे. रेणू किती वेगाने फिरावा हे त्याला कळते ते टकरांमधूनच, आणि भोवतालचे तापमान व दाब यांची नोंद त्याच्या फिरण्यात उतरते तीही टकरांमधूनच. म्हणून रेणूचे घूर्णन हा त्याने सोसलेल्या टकरांचा हिशेब असतो, आणि तो वाचता आला तर बांधीवरच्या हवेपासून आकाशगंगेतील वायुमेघांपर्यंत अनेक ठिकाणांची माहिती मिळते.

विटीचे टोक आणि रेणूचे टोक

टकरीतून फिरणे कसे निर्माण होते, हे विटीदांडूच्या खेळात स्पष्ट दिसते. विटीच्या टोकाला दांडूचा टोला बसला की ती गरगरत उडते, तर तोच टोला नेमका मधोमध बसला तर ती जवळजवळ न फिरता पुढे जाते. नायट्रोजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणजे विटीसारखाच लांबट असतो, आणि दुसरा रेणू त्याच्या एका टोकाजवळ आला की त्या टोकाला मिळणारा रेटा रेणूला पीळ देऊन फिरवतो. हेलियम किंवा आर्गॉन यांचे सुटे अणू गोल असल्यामुळे त्यांना असे टोक नसते आणि टकरीतून त्यांना गिरकी मिळत नाही. मात्र ते दुसऱ्या लांबट रेणूवर आदळून त्याला फिरवू शकतात.

विटीचा दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. रेणूंना कठीण पृष्ठभाग नसतो. दोन रेणू एकमेकांपासून मीटरच्या अब्जाव्या भागाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके जवळ आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांची आवरणे एकमेकांना दूर लोटू लागतात, आणि हे लोटणे रेणूच्या सर्व दिशांना सारखे नसल्यामुळे त्याच्यावर पीळ देणारे बल पडते. पाण्याच्या रेणूत तर विद्युतभार असमान वाटलेला असतो, म्हणजे त्याची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. अशा द्विध्रुवी रेणूंना एकमेकांच्या फिरण्यावर परिणाम घडवण्यासाठी अगदी निकट येण्याचीही गरज नसते, कारण त्यांचे विद्युत आकर्षण दुरूनच काम करते. पावसाळ्यात तळ्यांच्या परिसरातील हवा बाष्पाने जड होते तेव्हा तिच्यातील पाण्याचे रेणू याच कारणाने एकमेकांचे घूर्णन नायट्रोजनच्या मानाने कितीतरी सहज बदलतात.

अशा प्रत्येक टकरीत दोन गोष्टींचा ताळा जमावा लागतो. टकरीपूर्वीची एकूण ऊर्जा टकरीनंतरही तेवढीच राहते. रेणूची गिरकी वाढली तर तेवढी ऊर्जा कुणाच्या तरी धावण्यातून किंवा दुसऱ्याच्या गिरकीतून वजा होते. त्याचप्रमाणे फिरण्याचे परिमाण, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, तेही एकूणात कायम राहते, फक्त ते दोन्ही रेणूंच्या गिरक्या आणि त्यांनी एकमेकांना वळसा घालून जाताना केलेली गती यांच्यात नव्याने वाटले जाते.

घाटाच्या असमान पायऱ्या

विटी कोणत्याही वेगाने फिरू शकते, रेणूला मात्र ती मुभा नाही. पुंज यांत्रिकीच्या, म्हणजे अणुरेणूंना लागू पडणाऱ्या यंत्रशास्त्राच्या नियमांनुसार रेणूच्या घूर्णनाला ठरावीक ऊर्जापातळ्याच उपलब्ध असतात. शून्य क्रमांकाच्या पातळीवर तो मुळीच फिरत नाही, आणि त्यानंतर दोन पातळ्यांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढत जाते, जणू एखाद्या तळ्याच्या घाटाची प्रत्येक वरची पायरी खालच्या पायरीहून अधिक उंच बांधलेली असावी. टकरीमुळे रेणू या पायऱ्या चढतो किंवा उतरतो. प्रकाश शोषताना वा सोडताना रेणूला सहसा एका वेळी एकच पायरी ओलांडता येते, काही प्रक्रियांत दोन. टकरीला असे कडक बंधन नसल्यामुळे एका जोरदार आघातात रेणू अनेक पायऱ्या चढू शकतो, जरी लहान बदल मोठ्या बदलांपेक्षा अधिक वेळा घडतात.

कुठल्या पायरीवर किती रेणू असतील हे तापमान ठरवते. २७ अंश सेल्सिअसच्या हवेत नायट्रोजनचे सर्वाधिक रेणू सहाव्या ते आठव्या पायरीच्या आसपास आढळतात आणि त्या पायरीवरचा रेणू एका सेकंदात जवळजवळ एक लाख कोटी गिरक्या घेतो. त्याच हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये २४ या आकड्यावर १८ शून्ये दिल्यावर मिळते एवढी रेणूंची संख्या असते. प्रत्येक रेणू सेकंदाला सरासरी ४७० मीटरांहून अधिक वेगाने धावतो, परंतु मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतर कापताच त्याची दुसऱ्याशी गाठ पडते, आणि अशा सुमारे ७०० कोटी टकरा त्याच्या वाट्याला दर सेकंदाला येतात. दोन टकरांच्या मधल्या काळात तो शंभराहून थोड्या अधिक गिरक्या पूर्ण करतो, तर प्रत्यक्ष टक्कर जेवढा वेळ टिकते तेवढ्यात त्याची साधारण अर्धी गिरकी होते.

ही शेवटची तुलना महत्त्वाची आहे. टक्कर रेणूच्या गिरकीच्या मानाने फार रेंगाळत चालली, तर रेणू तेवढ्या वेळात अनेकदा फिरून घेतो, त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने उलटसुलट रेटे बसतात आणि त्यांची बेरीज शून्याकडे जाते. नायट्रोजनच्या बाबतीत टकरीचा काळ आणि गिरकीचा काळ जवळपास सारखे असल्यामुळे रेटा वाया जात नाही, आणि म्हणून घूर्णन व धावणे यांच्यातील ऊर्जेची देवाणघेवाण झपाट्याने होते.

किती टकरा पुरतात

एखाद्या वायूचे तापमान अचानक बदलले, तर रेणूंचे घूर्णन नव्या तापमानाशी जुळायला सरासरी किती टकरा लागतात, ही संख्या शास्त्रज्ञ मोजतात. साधारण तापमानाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना चार-पाच टकरा पुरतात, म्हणजे हे जुळणे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच उरकते. हायड्रोजनला मात्र शेकडो टकरा लागतात, कारण त्याचा रेणू अतिशय हलका, जवळजवळ गोल आणि कित्येक पट वेगाने फिरणारा असतो आणि त्याच्या घूर्णनाच्या पायऱ्या इतक्या उंच असतात की बहुतेक टकरांमध्ये त्या ओलांडण्याएवढी ऊर्जाच नसते. रेणूतील अणूंचे मागेपुढे होणारे कंपन तर याहून हट्टी असते; कोरड्या ऑक्सिजनमध्ये ते भोवतालच्या तापमानाशी जुळण्यासाठी कोट्यवधी टकरा व्हाव्या लागतात.

घूर्णनाच्या या तत्परतेचा परिणाम कानांनाही कळतो. गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस पक्ष्यांचा मुख्य आसरा आहे आणि धानाच्या बांध्यांतून व तळ्यांच्या काठांवरून या पक्ष्यांच्या जोडीची साद दूरवर ऐकू येते. ध्वनी म्हणजे हवेचे आळीपाळीने दाबले जाणे आणि सैल पडणे होय. हवा दाबली गेली की ती किंचित तापते, आणि तापण्याची ही ऊर्जा रेणूंच्या केवळ धावण्यात राहिली असती तर हवा अधिक ताठ वागली असती. परंतु सेकंदाला १,००० कंपने असलेल्या ध्वनीचे एक कंपन पुरे होईपर्यंत प्रत्येक रेणूच्या सुमारे ७० लाख टकरा होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे घूर्णन आपला वाटा पुरेपूर उचलते. म्हणूनच २७ अंशांना हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. टकरांनी घूर्णनाला या व्यवहारात ओढले नसते तर तो सुमारे ३७९ मीटर झाला असता, आणि एक किलोमीटरवरच्या सारसाची साद आज जी जवळपास २.९ सेकंदांनी पोहोचते ती २.६ सेकंदांत पोहोचली असती.

या साध्या फरकाने एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राला मोठ्या कोड्यात टाकले होते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉजियस यांनी १८५७ मध्ये वायूचे रेणू धावण्याबरोबर फिरत आणि कंप पावतही असले पाहिजेत असे दाखवले आणि पुढच्याच वर्षी दोन टकरांमधील सरासरी अंतराची कल्पना मांडली. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये टकरांचे गणित केले तेव्हा रेणूच्या सर्व प्रकारच्या गतींना ऊर्जेचा समान वाटा मिळतो असा निष्कर्ष निघाला, पण त्यावरून काढलेले हवेच्या उष्णताधारकतेचे आकडे मोजमापाशी जुळेनात. लुडविग बोल्ट्झमान यांनी १८७६ मध्ये द्विअणू रेणू हा ताठ डंबेलसारखा मानून हवेपुरते उत्तर जुळवले. मात्र कंपनाला वाटा का नाही हे कोडे तसेच राहिले. पुढे १९१२ मध्ये आर्नोल्ड ऑयकेन यांनी हायड्रोजन खूप थंड केला असता त्याचे घूर्णनही जणू गोठून जाते हे प्रयोगाने दाखवले. कारण उघड होते: थंडीत टकरांची ऊर्जा पहिल्या पायरीलाही पुरेनाशी होते.

टकरांनाही न जमणारी गोष्ट

हायड्रोजनने आणखी एक धडा दिला. हायड्रोजनच्या रेणूतील दोन केंद्रकांना स्वतःची एक आंतरिक फिरकी असते. त्या दोन फिरक्या समांतर असतील तर रेणू घूर्णनाच्या केवळ विषम पायऱ्यांवर राहू शकतो आणि विरुद्ध असतील तर केवळ सम पायऱ्यांवर. टक्कर रेणूच्या शरीराला पीळ देते, परंतु केंद्रकांच्या या आंतरिक फिरकीपर्यंत तिचा हात जवळजवळ पोहोचत नाही, म्हणून सर्वसाधारण टकरांनी सम पायरीवरचा रेणू सम पायरीवरच आणि विषम पायरीवरचा विषम पायरीवरच जातो. डेव्हिड डेनिसन यांनी १९२७ मध्ये या दृष्टीने थंड हायड्रोजनच्या उष्णताधारकतेचे कोडे उलगडले आणि १९२९ मध्ये बोनहोफर व हार्टेक यांनी केवळ सम पायऱ्यांचा हायड्रोजन वेगळा करून दाखवला.

बांधीवरच्या हवेतील नायट्रोजनलाही हाच नियम लागू आहे. हे दिसून आले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधामुळे. त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोधलेल्या परिणामानुसार रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग त्यांच्या कंपनाने आणि घूर्णनाने किंचित बदलतो. फ्रांको रासेटी यांनी १९२९ मध्ये याच पद्धतीने नायट्रोजन तपासला तेव्हा सम पायऱ्यांच्या रेषा विषम पायऱ्यांच्या रेषांपेक्षा दुप्पट ठळक निघाल्या. प्रत्येक नायट्रोजन रेणू सेकंदाला ७०० कोटी टकरा सोसतो आणि तरीही सम-विषमाचे हे २:१ प्रमाण टिकून राहते. रामन यांच्या परिणामाचा आज आणखी एक उपयोग होतो: लेसरचा झोत आकाशात सोडून नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या घूर्णनरेषांची तुलना केली की कोणत्या उंचीवर किती तापमान आहे हे जमिनीवरून कळते. हे शक्य होते, कारण टकरांनी प्रत्येक उंचीवरच्या रेणूंना तिथल्या तापमानाप्रमाणे पायऱ्यांवर बसवलेले असते.

धानाचा मिथेन आणि रुंदावलेल्या रेषा

रोवणी झाल्यावर बांधीत पाणी साचून राहते, चिखलातील प्राणवायू संपतो आणि प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन वायू तयार करतात. त्यातला बराचसा धानाच्या रोपाच्या आतील हवेच्या पोकळ्यांतून वर येऊन वातावरणात मिसळतो. आज पृथ्वीच्या हवेत दर दहा लाख रेणूंमागे मिथेनचे जेमतेम दोन रेणू असले, तरी उष्णता अडवून धरण्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि जगभरच्या भातशेतीचा त्यांत हातभार आहे.

मिथेनचा रेणू जमिनीतून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण शोषतो, तेव्हा त्याचे कंपन आणि घूर्णन दोन्ही बदलतात. शोषलेली ऊर्जा किरणरूपाने परत सोडायला त्याला सेकंदाचे काही दशांश लागतात. परंतु तेवढ्या अवधीत त्याच्या शंभर कोटींहून अधिक टकरा होऊन जातात आणि ऊर्जा भोवतालच्या नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या धावण्यात व फिरण्यात वाटली जाते. हवा तापते ती अशी. स्वतः उष्णतेचे किरण जवळजवळ न शोषणाऱ्या नायट्रोजनपर्यंत ती उष्णता पोहोचवण्याचे काम टकराच करतात.

टकरांचा दुसरा परिणाम शोषणरेषांवर होतो. मिथेन कोणते किरण शोषतो ते त्याच्या वर्णपटात अनेक काळ्या रेषांच्या रूपाने दिसते आणि प्रत्येक रेषा घूर्णनाच्या एका विशिष्ट बदलाची असते. तानपुऱ्याची तार छेडून तिला निवांत झंकारू दिले तर सूर स्वच्छ लागतो, पण कुणी ती लगेच बोटाने थोपवली तर सुराची नेमकी पट्टी ठरवणे अवघड होते. त्याचप्रमाणे टकरांनी रेणूच्या गतीत पुन्हा पुन्हा खंड पडला की रेषा बारीक न राहता रुंदावते. हेंड्रिक लोरेंट्झ यांनी १९०६ मध्ये या रुंदावण्याचा सिद्धांत मांडला आणि फिलिप अँडरसन यांनी १९४९ मध्ये त्याला पुंज यांत्रिकीचा पाया दिला. जमिनीलगतच्या दाबाला मिथेनच्या रेषांची रुंदी टकरांमुळे, रेणूंच्या नुसत्या धावण्याने येणाऱ्या रुंदीच्या जवळपास दहापट होते. उंच जावे तसा दाब घटतो, टकरा विरळ होतात आणि रेषा पुन्हा सडपातळ होतात. त्यामुळे रेषेच्या दूरच्या कडा खालच्या दाट हवेची आणि तिचा गाभा वरच्या विरळ हवेची साक्ष देतो. जिथे रेषा अगदी जवळजवळ असतात तिथे टक्कर रेणूला एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर ढकलते आणि त्या रेषा एकमेकींत मिसळूनही जातात.

ही बाब अभ्यासकांसाठी कमालीची व्यावहारिक आहे. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी अवकाशात सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात, सुमारे २.३ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ, मिथेनच्या रेषा पाहते आणि एका वेळी काही किलोमीटरांच्या भूभागावरील मिथेनचे प्रमाण काढते. रेषेची खोली आणि रुंदी यांवरून रेणूंची संख्या काढायची असल्यामुळे, नायट्रोजनशी आणि ऑक्सिजनशी होणाऱ्या टकरांमुळे प्रत्येक रेषा किती रुंदावते हे आधी प्रयोगशाळेत अचूक मोजलेले असावे लागते. ते माप चुकले तर मिथेनचा अंदाजही चुकतो. हायट्रान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यात अशा असंख्य रेषांची मापे दशकानुदशके जमवली जात आहेत. खरिपात ढगांचे आच्छादन उपग्रहाची दृष्टी अडवते, म्हणून पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात ढग नसताना मिळालेली प्रत्येक नोंद मोलाची ठरते आणि ती नोंद वाचण्याची किल्ली टकरांच्या अभ्यासात असते.

जिथे टकरा दुर्मीळ होतात

टकरांचे खरे मोल त्या नाहीशा होतात तिथे उमगते. ताऱ्यांमधल्या अवकाशातील रेणुमेघांत एका घन सेंटीमीटरमध्ये काहीशे ते काही लाख रेणू असतात आणि एका रेणूला दुसरा भेटेपर्यंत कित्येक दिवस किंवा महिने लोटू शकतात. अशा मेघांतील कार्बन मोनॉक्साइडचा रेणू हायड्रोजनच्या टकरीने पहिल्या पायरीवर चढतो आणि साधारण साडेपाच महिन्यांनी २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर सोडून खाली उतरतो. हीच लहर १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस यांनी टिपली. दर घन सेंटीमीटरला सुमारे दोन हजार रेणू असतील तर टकरा आणि रेडिओलहरी यांचा प्रभाव बरोबरीचा ठरतो. त्याहून दाट मेघात घूर्णन वायूचे तापमान सांगते, त्याहून विरळ मेघात ते टकरांशी फारकत घेते.

या फारकतीने एक अपूर्व शोध हाताशी आणून दिला होता. कॅनडातील अँड्र्यू मॅककेलर यांनी १९४१ मध्ये अतिविरळ मेघांतील सायनोजेनच्या, म्हणजे एक कार्बन व एक नायट्रोजन अणू असलेल्या रेणूच्या रेषा तपासल्या, तेव्हा त्याचे घूर्णन निरपेक्ष शून्याहून सुमारे २.३ अंश वरच्या तापमानाशी जुळत असल्याचे त्यांना दिसले. तिथे रेणूला पायरीवर चढवण्याएवढ्या टकरा नव्हत्या. विश्वाच्या आरंभापासून सर्वत्र भरून राहिलेले मंद प्रारण त्याला फिरवत होते. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी ते प्रारण रेडिओदुर्बिणीने टिपल्यावरच मॅककेलर यांच्या आकड्याचा अर्थ लागला.

नवेगावबांधावरील हवेत अशी शांतता रेणूला कधीच लाभत नाही. तिथे एका गिरकीची आठवण शंभर-सव्वाशे फेऱ्यांत पुसली जाते आणि लगेच नव्या टकरीची नोंद होते. या अखंड नोंदींमुळेच तळ्यावरची उष्णता, सारसाच्या सादेचा वेग आणि बांधीतून वर येणाऱ्या मिथेनचे प्रमाण मोजता येते. रेणू एकटा असेल तर दूरच्या विश्वाचे तापमान सांगतो आणि गर्दीत असेल तर शेजाऱ्यांचे.